चाळीस छर्ऱ्यांनंतर

मी, एलियास सायमन वाकरूळकर, वय वर्षे त्र्याहत्तर, धर्माने ज्यू, आधी पलटणीत आर्मोरर म्हणजे हत्यारे दुरुस्त करणारा, मग धाटावच्या एका कंपनीत फिटर आणि आता नुसताच म्हातारा, राहणार पेण, जिल्हा रायगड, स्वखुशीने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हात ठिकाणावर नाहीत. दोन वर्षांपासून कंपवात आहे, म्हणून अक्षर वेडेवाकडे येईल. ते कुणी नशेचे किंवा जबरदस्तीचे समजू नये. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. यापूर्वी एकदा मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे माझी बायको हन्ना हिला ठेवले होते. तीच आधी गेली, तेव्हा तो कागद रद्द समजावा.

वकील प्रतिक्षाबाईंनी या वेळी मसुदा करून दिला होता. दोन पानांचा, स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. तो मी बाजूला ठेवला, कारण त्यात "एक एअर पिस्तूल" एवढेच लिहिले होते. माझ्याकडे दोन आहेत, आणि मला जे सांगायचे आहे ते त्या दोनांमध्येच आहे.

प्रतिक्षाबाईंनी एक नियम मात्र नीट समजावला, तो इथे लिहितो म्हणजे पुढे घोळ नको. मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. केली तर मृत्युपत्र टिकते, पण त्या माणसाला ठेवलेली वस्तू रद्द होते. साक्षीदारांना आतला मजकूर वाचून दाखवण्याची गरज नाही, सही त्यांच्यासमोर झाली म्हणजे पुरे, असेही त्या म्हणाल्या. ते ऐकून मला बरे वाटले होते.

कलम पहिले. माझा देह पेणच्या आमच्या कबरस्तानात हन्नाच्या डाव्या हाताला ठेवावा. जागा धरून ठेवली आहे. कद्दीश, म्हणजे गेलेल्यासाठीची आमची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. पेणमध्ये आता आमची दोनच घरे उरली, तेव्हा अलिबाग, रोहा, पनवेल असे फोन फिरवावे लागतील. दहा जमले तर उत्तम. सातच जमले तर सातांनी म्हणावे आणि बाकीचे तीन देवाने सांभाळून घ्यावेत. दगडावर नावाखाली "आर्मोरर" कोरावे. "प्रशिक्षक" कोरू नये. जिल्ह्याच्या नेमबाजी असोसिएशनची मंडळी आग्रह धरतील, त्यांना हे कलम दाखवावे. कारण पुढे आहे.

कलम दुसरे. राहते घर माझा मुलगा जोनाथन याला. जोनाथन पाच वर्षांपूर्वी बायको आणि मुलगी शीरा यांना घेऊन इस्रायलला, अश्दोदला गेला. दर शुक्रवारी फोन करतो आणि म्हणतो, "पप्पा, विकून टाका सगळं नि या इकडे." मी म्हणतो, बघू. तो गेला याचा मला राग नाही. जाताना दाराच्या चौकटीवरची मेजुजा, आमच्या घरावरचे देवाचे नाव, उचकटून घेऊन गेला याचा आहे. विचारले असते तर मी स्वतः स्क्रू काढून दिले असते. माझ्या आयुष्यात मी कुठलाही स्क्रू उचकटलेला नाही. चौकटीवरची दोन भोके मी बुजवलेली नाहीत. घर विकायला येईल तेव्हा त्याने ती बघावीत.

मागची पडवी घरात धरू नये, ती वेगळी आहे. तिथे माझ्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी आमचा शब्बाथ, म्हणून बैल मोकळे आणि घाणा बंद. त्यावरून गाव आम्हाला शनवार तेली म्हणे. घाणा गेला, नाव राहिले. पडवी भिंतीपासून भिंतीपर्यंत बारा मीटर भरते. कंपनीतून निवृत्त झाल्यावर मी तिथे दहा मीटरची रेंज केली, आणि जिथे बैल फिरत तिथे मुली उभ्या राहून नेम धरू लागल्या. शेजारच्या निकेशला ती टेम्पो लावायला हवी आहे. त्याला देऊ नये. गणपतीच्या हंगामात त्याने माझ्या अंगणात मूर्ती उतरवल्या त्याबद्दल काही म्हणणे नाही. पण रंगाची गन चालते का ते त्याने माझ्या टार्गेटच्या भिंतीवर तपासले. ती गुलाबी पिचकारी अजून गेलेली नाही.

कलम तिसरे. बँकेत जे असेल त्यातून कबरस्तानाची पडकी भिंत बांधून घ्यावी. उरेल ते नात शीरा हिला. हन्नाचा शब्बाथचा तेलाचा दिवाही शीराला. तो लावायचा की शोकेसमध्ये ठेवायचा हे तिचे तिने ठरवावे.

कलम चौथे. माझ्या कानशी, पंच, लहान ड्रिल आणि कामाचा तुकडा घट्ट धरणारे लहान व्हाइस हे सर्व साईराजला. साईराज गणपतीच्या कारखान्यांचे कंप्रेसर दुरुस्त करतो आणि रेंजचे हवेचे सिलिंडर त्यानेच इतकी वर्षे भरून दिले. त्याला कानस धरता येते. हल्ली ते फार थोड्यांना येते.

जनू शेडगे, राहणार खांब, कंपनीत माझ्याच शिफ्टला वीस वर्षे होता. तो साक्षीदार म्हणून सही करणार आहे, तेव्हा नियमाप्रमाणे त्याला काहीही ठेवत नाही. यात त्याचे नुकसान नाही, कारण माझा मोठा व्हाइस अकरा वर्षे त्याच्याच घरी आहे. तो त्याने आधी आणून द्यावा आणि मगच पेन हातात घ्यावे. दुसरी साक्षीदार हौसा कमळाकर मोकल. तिच्याविषयी पुढे लिहितो. तिलाही काही ठेवता येत नाही, म्हणून हन्नाचे मलिद्याचे, म्हणजे आमच्या नवसाच्या प्रसादाचे, तबक मी गेल्या आठवड्यातच तिला देऊन टाकले आहे.

कलम पाचवे. आता पिस्तुले. दोन्ही दहा मीटरच्या स्पर्धेची, हवेवर चालणारी आहेत. यांना परवाना लागत नाही, तेव्हा पोलिसांना कळवण्याची घाई कुणी करू नये.

दहा वर्षांपूर्वी मी मुंबईला दुकानात गेलो. तेव्हा माझ्याकडे दोन मुली शिकत होत्या. एक शीरा. दुसरी किमया कमळाकर मोकल, शीराच्याच वयाची. किमयाचे गाव धरमतर खाडीच्या काठी, बाप कमळाकर मिठागरावर. आई हौसा आमच्याकडे कामाला होती. शनिवारी आम्ही विस्तव पेटवत नाही, बटण दाबत नाही, म्हणून ती सकाळी येऊन गॅस आणि दिवे लावून द्यायची. पोरगी तिच्याबरोबर येऊन पडवीच्या उंबऱ्यावर बसे. एके दिवशी मी शीराला हात कसा धरायचा ते दाखवत होतो, तर उंबऱ्यावरच्या पोरीनेही हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. मी घड्याळ काढले. दीड मिनिट तो हात हलला नाही. मिठागरावर बापाबरोबर मीठ ओढून ओढून खांदा तयार झाला होता. पलटणीत मी शेकडो हात पाहिले, असा हात पाहिला नव्हता.

दुकानदाराने काचेवर दोन पिस्तुले ठेवली. एक अस्सल, जर्मन. दुसरे म्हणजे त्याची कॉपी, आपल्याकडेच कुठेतरी बनलेली, तिसरा हिस्सा किमतीची. दोन अस्सल घेण्याची माझी ऐपत नव्हती. एक अस्सल आणि एक कॉपी घेता येत होती, किंवा दोन्ही कॉप्या. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "काका, दोन पोरी आहेत तर दोन्ही कॉप्याच न्या. दोघींना सारखं. भांडण नको." मी हसलो. त्याला म्हणालो, "मी आर्मोरर आहे. हिला घरी नेऊन अशी घासतो की ही स्वतःच विसरेल आपण कॉपी आहोत." तो म्हणाला, "तुमची मर्जी." मी एक अस्सल आणि एक कॉपी घेऊन पेणला आलो. माझी पहिली चूक ती, आणि ती चूक फक्त हाताला गर्व असलेला कारागीरच करू शकतो.

कॉपीवर मी पाच महिने बसलो. ट्रिगरच्या आतला मऊ लोखंडाचा तुकडा काढून माझ्या हाताने पोलादाचा बनवला. दोन्ही पिस्तुलांच्या मुठी एकाच शिसवीच्या फळीतून कोरल्या. काळा रंग सारखा केला. शेवटी मलाच ओळखता येईना, म्हणून मुठीच्या आत, स्क्रू काढल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी पंच ठोकून खूण केली. अस्सलला एक ठिपका, कॉपीला दोन. कुठले कुठले हे मुलींना कधी सांगितले नाही. एकीला माज नको आणि दुसरीला न्यूनगंड नको. सरावाला दोघी आलटून पालटून दोन्ही वापरत, आणि स्पर्धेला कुणी कुठले न्यायचे ते मी चिठ्ठ्या टाकून ठरवी. ही पद्धत चांगली होती. तिच्याबद्दल मला अजून अभिमान वाटतो.

एक दोष मात्र निघाला नाही. चाळीस-बेचाळीस छर्रे मारले की कॉपीच्या आतला हवेचा दाब पडू लागे आणि छर्रा टार्गेटवर खाली, आणखी खाली बसू लागे. सिलिंडर काढून दुसरा भरलेला लावला की पुन्हा ठीक. तोपर्यंत मुलींची स्पर्धा चाळीस छर्ऱ्यांचीच असे, तेव्हा मी ते मनावर घेतले नाही. मग नियम बदलला आणि मुलींनाही साठ झाले. तेव्हापासून सरावात चाळीस झाले की मी दोघींच्या हातातून पिस्तुले घेई, "चहा प्या गो" म्हणून त्यांना अंगणात पाठवी आणि तेवढ्यात सिलिंडर बदलून ठेवी. त्यांना वाटे सर हत्यार पुसतात. मला माझ्या कामातला दोष कबूल करायचा नव्हता. दुसरी चूक ही.

कलम सहावे. हे कलम लिहिण्यासाठी बाकीची लिहिली आहेत.

सतरा ऑगस्ट दोन हजार एकोणीस, शनिवार. पनवेलला निवड चाचणी होती. जिल्ह्यातून पुढच्या शिबिराला एकच मुलगी जाणार होती, आणि ती आपल्या पडवीतली असणार हे सगळ्यांना माहीत होते. कोणती, हेही मला माहीत होते. सरावात किमया शीरापेक्षा सहा-सात गुणांनी नेहमी पुढे असे.

त्याच महिन्यात जोनाथनचे इस्रायलला जाण्याचे कागद सुरू झाले होते. हन्नाला जाऊन तेव्हा वर्ष झाले नव्हते. मी जोनाथनला म्हणालो, पोरीला तरी ठेव. तो म्हणाला, "तिची निवड झाली तर ठेवतो. कॉलेज होईपर्यंत राहू दे तुमच्याकडे. नाही झाली तर तिला इथे थांबवून काय करू?" एवढेच बोलणे झाले. त्यानंतर मला झोप लागत नव्हती, आणि जेवताना शीरा समोर बसली की तिच्याकडे बघवत नव्हते.

शुक्रवारी दुपारी चार वाजता मी पडवीचे दार लावून घेतले. दोन्ही मुठींचे स्क्रू काढले, ठिपके पाहिले, स्क्रू परत बसवले. एक ठिपका असलेले पिस्तूल शीराच्या पेटीत ठेवले आणि दोन ठिपके असलेले किमयाच्या. त्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. पाच मिनिटांचे काम होते, ऊन लख्ख होते आणि माझा हात तेव्हा मुळीच थरथरत नव्हता. हे एवढे बारकाईने लिहितो, कारण पुढे कित्येक वर्षे मी मनाशी म्हणत आलो की शब्बाथ लागायची वेळ झाली होती, घाई होती, पेट्या बदलल्या गेल्या असतील. घाई नव्हती.

शनिवारी सकाळी हौसा दिवे लावायला आली, किमया पेटी न्यायला आली. किमयाने पेटी उघडली, पिस्तूल हातात तोलले, दोन-तीनदा रिकामा ट्रिगर ओढला आणि म्हणाली, "सर, मागच्या महिन्यात सरावाला, चहाच्या आधी, ह्याचेच छर्रे खाली बसत व्हते काय? मला तसा भास झाला व्हता. जरा उघडून बघता?"

मी म्हणालो, "आज शनिवार. आज मी हत्याराला हात लावत नाही."

हौसा गॅसपाशी होती. ती तिथूनच ओरडली, "गो, शनवार हाय त्यांचा! काय बोलतंस त्यांना?"

किमयाने लगेच पेटी मिटली. "चुकलं, सर," म्हणाली आणि माझ्या पाया पडली.

त्याच्या आदल्या वर्षी, शनिवारीच, शीराच्या स्पर्धेच्या सकाळी मी मागच्या अंगणात बसून तिच्या पिस्तुलाचा ट्रिगर उघडून दुरुस्त केला होता. कुणी पाहिले नव्हते, देव सोडून. आणि समजा मी इतका पाळणारा असतो, तरी शब्बाथला हाताने काम करायला बंदी आहे, तोंडाने बोलायला नाही. "चाळीस झाले की सिलिंडर बदल." एवढेच वाक्य. दुसरा भरलेला सिलिंडर तिच्या पेटीतच होता. तेवढे बोललो असतो तर ती कॉपीवरही जिंकली असती. माझ्या बापजाद्यांनी ज्या दिवसासाठी बैल मोकळे ठेवले, त्या दिवसाच्या आड मी लपलो. मला या गोष्टीची लाज वाटते आणि ती लाज साडेसहा वर्षांत रतीभर कमी झालेली नाही.

चाळीस छर्ऱ्यांपर्यंत किमया पाच गुणांनी पुढे होती. मग आठ, आठ, सात. सगळे खाली. छर्रे खाली बसू लागले की नेमबाजाला एकच वाटते, आपला हात खाली येतोय. ती हात वर ओढत राहिली आणि अंग ताठ करत राहिली, मग जे होते ते झाले. शीरा तीन गुणांनी निवडली गेली.

संध्याकाळी किमया पेटी परत द्यायला आली. मला वाटले विचारेल. ती म्हणाली, "सर, पिस्तुलाचं काय नव्हतं. शेवटी माझा हात थकला." मी म्हणालो, "होतं असं." हे दोन शब्द मी म्हणालो. आठ दिवसांनी कमळाकर स्वतः आला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "सर, पोरीचा हात थकतो तर कशाला तो खेळ? कंपनीत भरती चालू हाय." मी त्यालाही काही बोललो नाही. त्यानंतर किमयाने पिस्तूल हातात घेतलेले नाही. गेली पाच वर्षे ती धाटावला पॅकिंगमध्ये कंत्राटावर आहे. कासूला गाडी पकडते, रोह्याला उतरते, शिफ्ट करते. शनिवारी सुट्टी असली की आईबरोबर माझ्याकडे येते आणि आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून देते. माझे हात थरथरतात म्हणून कप अर्धाच भरते.

शीरा शिबिराला गेली, तिथे शेवटून तिसरी आली. कोरोनात कॉलेज बंद पडले, मग जोनाथनने जाताना तिलाही नेले. गेल्या वर्षी फोनवर बोलता बोलता ती म्हणाली, "आजोबा, खरं सांगू? मला तो खेळ कधी आवडलाच नाही. तुम्हाला आवडायचा म्हणून मी यायची." माझ्यावर एवढे प्रेम करणाऱ्या पोरीला मी चोरीचा माल देऊन बसलो होतो.

कलम सातवे. तरी अस्सल पिस्तूल, म्हणजे मुठीच्या आत एक ठिपका असलेले, त्याची पेटी, दोन्ही सिलिंडर, आणि मागची पडवी रेंजसकट, किमया कमळाकर मोकल हिला. ती चोवीस वर्षांची आहे. या खेळात चोवीस म्हणजे काहीच नाही, चाळिशीतले लोक पदके घेतात. कॉपी मोडून भंगारात द्यावी. सहावे कलम माझ्या मागे फक्त किमयाला वाचून दाखवावे. त्याची प्रत शीराला देऊ नये, तिचा यात दोष नाही आणि ती जिंकली हे तिचे तिच्याजवळ राहू द्यावे.

कलम आठवे. वर ज्याची वाटणी झालेली नाही, किंवा कोणत्याही कारणाने ज्याला ठेवले त्याला पोचू शकत नाही, ते सर्व शीराला.

इथवर मी मंगळवार ते गुरुवार, तीन दिवसांत लिहिले.

पुरवणी. आज शनिवार, सतरा जानेवारी दोन हजार सव्वीस. शनिवारी पेन हातात घेऊन मी आयुष्यात प्रथमच लिहितो आहे, आणि यासाठी मुद्दाम आजचा दिवस निवडला.

जनू सकाळी दहाला व्हाइस घेऊन आला. "घे तुझा शिंचा," म्हणाला. हौसा आली, किमयाही आली. बेत असा होता की कागद वरून दुमडून ठेवायचा, खालच्या कोऱ्या भागावर सह्या घ्यायच्या आणि चहा प्यायचा. वकीलबाईंनी तशी मुभा दिलीच होती. मी कागद दुमडलाही. मग किमयाने रोजच्यासारखा अर्धा कप माझ्यापुढे ठेवला, आणि मला कळले की मेल्यावर वाचायला ठेवणे म्हणजे पुन्हा तेच. तेव्हा शनिवारच्या आड लपलो, आता कबरीच्या आड. मी कागद उलगडला आणि पहिल्या ओळीपासून सगळा वाचून दाखवला. जनूच्या व्हाइसवर तो हसला. पाचव्या कलमानंतर कुणी हसले नाही.

वाचून झाल्यावर मी दोन्ही पिस्तुले टेबलावर ठेवली आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला. हाताला खाच सापडेना. किमया म्हणाली, "आज शनवार हाय, सर." मी म्हणालो, "हो." तिने स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातातून काढून घेतला आणि दोन्ही मुठी स्वतः उघडल्या. एक ठिपका. दोन ठिपके. दोन ठिपक्यांवरून तिने अंगठा फिरवला.

"म्हणजे माझा हात थकला नव्हता," ती म्हणाली.

मी म्हणालो, "नाही."

"परत बोला."

"तुझा हात थकला नव्हता, किमया. तो कधीच थकला नाही. मी खोटं वागलो."

हौसा उभी राहिली. पंचवीस वर्षांत ती माझ्यावर कधी आवाज चढवून बोलली नव्हती. "सात वरसं मी माज्या पोरीला बोलत आले, तुजा हात कमजोर, तुजा हात कमजोर. दर शनवारी तुमचा दिवा लावून मी घरी जायचे नि तिला तेच बोलायचे. तुमी ऐकत व्हता ना, भाऊ?" मी म्हणालो, "ऐकत होतो." "मी नाय करणार सही. तबक पन परत आणून देते," असे म्हणून ती अंगणात जाऊन बसली. तिचे बरोबर आहे. मी तिला परत बोलावले नाही.

एक साक्षीदार कमी पडला. जनू म्हणाला, निकेशला हाक मारू का. तोवर किमयाने पेन उचलले होते.

मी तिला थांबवले. म्हणालो, "तू करू नको. वाचलं ना मघाशी? तू सही केलीस तर कागद राहील, पण पिस्तूल आणि पडवी तुझ्या हातून जाईल."

ती म्हणाली, "कळलं मला. बहिरी नाय मी. तुमचं पिस्तूल नको मला, सर. अस्सल पन नको नि कॉपी पन नको. नेम धरायचा का नाय ते मी ठरवीन, नि धरला तर माज्या पैशाच्या पिस्तुलानं धरीन. पन तुमी हे बोललात त्याला कोनीतरी साक्षीदार पायजे ना? मी हाय."

जनू तिला समजावू लागला. मी त्याला गप्प बसवले.

तेव्हा खालील फेरबदल मी त्यांच्या देखत लिहितो. किमया सही करत असल्यामुळे सातव्या कलमातले पिस्तूल आणि पडवी आठव्या कलमाप्रमाणे शीराकडे जाईल. ते तिच्याकडे का आले हे तिला कळल्याशिवाय जाऊ नये. म्हणून सहावे कलम शीराला देऊ नये ही विनंती मी रद्द करतो. तिला संपूर्ण कागद द्यावा. पोरी, तू जिंकली नव्हतीस. रागाव माझ्यावर, तुला हक्क आहे. कॉपी भंगारात देऊ नये. दोन्ही पिस्तुले एकाच पेटीत पाठवावीत, मुठी उघड्या ठेवून.

आधी मी सही केली. तिला बराच वेळ लागला आणि ती दोनदा कागदाबाहेर गेली. मग जनूने केली. मग किमयाने हात लांब करून कागद स्वतःकडे ओढला, पूर्ण नाव लिहिले आणि पेन खाली ठेवले. तिचा हात हलला नाही. मी बघत होतो.

ठिकाण : पेण, जिल्हा रायगड
दिनांक : १७ जानेवारी २०२६, शनिवार, दुपारी बारा

मृत्युपत्र करणार : एलियास सायमन वाकरूळकर (सही)

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी हे वाचून दाखवले व सही केली.

साक्षीदार १ : जनू धोंडू शेडगे, राहणार खांब (सही)

साक्षीदार २ : ~~हौसा कमळाकर मोकल~~ किमया कमळाकर मोकल (सही)